अमेरिकी विद्यापीठात खेळायला जाताना : शैक्षणिक पात्रता मिळवण्याची आणि टिकवण्याची पद्धत

महाराष्ट्राची टेनिसपटू ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली आणि पुढे हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत रोहन बोपण्णासोबत तिने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. सोमदेव देववर्मनने व्हर्जिनिया विद्यापीठाचा विद्यार्थी असताना २००७ आणि २००८ अशी सलग दोन वर्षे अमेरिकेतील आंतरमहाविद्यालयीन एकेरीचे विजेतेपद जिंकले, तर कॅन्सस स्टेट विद्यापीठाच्या तेजस्विन शंकरने २०१८ आणि २०२२ मध्ये उंच उडीचे आंतरमहाविद्यालयीन विजेतेपद मिळवले. अशा बातम्या वाचून आपल्याकडचे अनेक पालक मुलांच्या खेळाचे व्हिडिओ आणि क्रमवारीचे आकडे अमेरिकी प्रशिक्षकांना पाठवू लागतात. मात्र ज्या नियमामुळे हे खेळाडू प्रत्येक हंगामात मैदानावर उतरू शकले, त्याची चौकशी बहुतेक घरांत फार उशिरा होते. तेथील महाविद्यालयीन खेळाची मुख्य नियामक संस्था असलेल्या एनसीएएच्या नियमानुसार खेळाडू हा आधी पूर्णवेळ विद्यार्थी असतो आणि त्याची शैक्षणिक पात्रता संपली, तर तो संघातला सर्वोत्तम खेळाडू असला तरी त्याला सामना खेळता येत नाही.

या लेखात त्या पात्रतेचा मार्ग नववीपासून पदवीपर्यंत क्रमाने मांडला आहे. माझे ठाम मत असे आहे की हा हिशेब खेळाडूने स्वतः ठेवला पाहिजे. प्रशिक्षक, सल्लागार, शिष्यवृत्ती मिळवून देणारी एजन्सी किंवा आईवडील यांपैकी कोणीही तो त्याच्या वतीने कायम ठेवू शकत नाही, आणि ज्याला तो ठेवता येतो त्याला नियमांची भीती राहत नाही.

नववीत घ्यायचा निर्णय

एनसीएएचे तीन विभाग आहेत. पहिल्या विभागात प्रवेशानंतर लगेच खेळता यावे आणि शिष्यवृत्ती मिळावी, यासाठी माध्यमिक शिक्षणाच्या चार वर्षांत, म्हणजे नववी ते बारावीत, १६ ‘कोर’, म्हणजे मुख्य शैक्षणिक विषयांची, विषय-वर्षे पूर्ण व्हावी लागतात; एक विषय एक वर्ष शिकला की एक विषय-वर्ष होते. त्यांत इंग्रजीची ४, गणिताची ३, विज्ञानाची २ आणि सामाजिक शास्त्रांची २ वर्षे असतात. इंग्रजी, गणित किंवा विज्ञानापैकी आणखी १ वर्ष लागते आणि उरलेली ४ वर्षे याच विषयांतून किंवा परकीय भाषा, तत्त्वज्ञान व तौलनिक धर्म यांतून भरता येतात. या कोर विषयांचा जीपीए, म्हणजे श्रेणींची सरासरी, ४ पैकी किमान २.३ असावा लागतो. दुसऱ्या विभागातही कोर विषय १६ च आहेत, परंतु त्यांची वाटणी थोडी वेगळी आहे आणि जीपीएची अट २.२ आहे. तिसऱ्या विभागातील महाविद्यालये खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत आणि प्रवेशाचे निकष स्वतः ठरवतात. हार्वर्ड किंवा प्रिन्सटनसारखी आयव्ही लीगमधील विद्यापीठे पहिल्या विभागात असूनही खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत आणि त्यांची शैक्षणिक अपेक्षा या किमान अटींच्या कितीतरी वर असते.

महाराष्ट्रातील खेळाडूंची पहिली अडचण गणिताची असते. नववी आणि दहावी मिळून गणिताची दोनच वर्षे होतात. दहावीनंतर सरावाला वेळ मिळावा म्हणून अनेक खेळाडू कला शाखा किंवा गणित वगळून वाणिज्य शाखा घेतात आणि तिसरे वर्ष राहून जाते. म्हणून पहिल्या विभागाचे ध्येय असेल, तर अकरावीत गणित ठेवावे, मग शाखा कोणतीही असो. अर्थशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र हे विषय सामाजिक शास्त्रांत धरले जातात. शारीरिक शिक्षण आणि व्यावसायिक कौशल्याचे विषय मात्र कोरमध्ये येत नाहीत, त्यामुळे त्यांतील गुणांनी एकूण टक्केवारी वाढलेली दिसली तरी पात्रतेला त्याचा उपयोग होत नाही.

दुसरी अडचण वेळेची आहे. नववी सुरू झाल्यापासून चार वर्षांत शिक्षण पूर्ण होणे अपेक्षित असते आणि त्या वेळेनंतर घेतलेल्या विषयांपैकी पहिल्या विभागात फक्त एकच विषय मोजला जातो. स्पर्धांसाठी अकरावीत एक वर्ष थांबू, मग पुढे पाहू, हा विचार राष्ट्रीय क्रमवारीसाठी योग्य वाटला, तरी अमेरिकेचा दरवाजा त्यामुळे अरुंद होतो. शिवाय वेळेवर बारावी झाल्यानंतर ठरावीक सवलतीचा काळ उलटला आणि खेळाडू संघटित स्पर्धा खेळत राहिला, तर महाविद्यालयातील हंगामही कमी होऊ शकतो. टेनिसमध्ये हा सवलतीचा काळ इतर बहुतेक खेळांपेक्षा कमी राहिलेला आहे, म्हणून टेनिसपटूंनी याबाबतीत विशेष जागरूक असावे.

नियमित शाळा सोडून १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या परीक्षा देणे किंवा ऑनलाइन शाळेत नाव घालणे हा मार्गही खेळाडूंमध्ये रूढ आहे. असे शिक्षण मोजले जाण्यासाठी शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात अध्यापनाचा व मूल्यमापनाचा नियमित संपर्क असावा लागतो आणि विषय पूर्ण करण्याचा निश्चित कालावधी ठरलेला असावा लागतो. केवळ पुस्तके घरी वाचून वर्षाअखेरीस परीक्षा दिली, तर हा निकष पूर्ण होत नाही. त्यामुळे शाळा सोडण्याचा अर्ज देण्यापूर्वी, ज्या विद्यापीठाशी बोलणे चालू आहे तेथील नियमपालन कार्यालयाकडून, ज्याला तेथे कम्प्लायन्स ऑफिस म्हणतात, लेखी उत्तर घ्यावे.

जी मराठी कुटुंबे अमेरिकेतच राहतात आणि ज्यांची मुले तेथील हायस्कूलमध्ये शिकतात, त्यांना आणखी एक अट लागू होते. बारावीचे वर्ष सुरू होण्यापूर्वी १६ पैकी १० कोर विषय पूर्ण झालेले असावेत आणि त्या १० पैकी ७ इंग्रजी, गणित व विज्ञानाचे असावेत. या १० विषयांचे गुण त्या टप्प्यावर कायम होतात. नंतर तो विषय पुन्हा घेऊन जीपीए सुधारता येत नाही, त्यामुळे बारावीचे वर्ष सुरू होण्याआधीच गुणांची दुरुस्ती करून घ्यावी.

कागदपत्रे आणि नोंदणी

एनसीएएचे पात्रता केंद्र इंडियानापोलिसला आहे आणि भारतीय गुणांचे रूपांतर ते स्वतःच्या, प्रत्येक देशासाठी वेगळ्या असलेल्या तक्त्याप्रमाणे करते. खासगी संस्थेकडून पैसे देऊन करून घेतलेले टक्क्यांचे रूपांतर विद्यापीठाच्या प्रवेशासाठी मागितले जाऊ शकते, परंतु खेळाच्या पात्रतेचा निर्णय केंद्राच्या आकड्यांवरच होतो.

आपल्याकडे दहावी आणि बारावीची गुणपत्रके जपून ठेवली जातात, पण नववी आणि अकरावीची हमखास हरवतात. नववी एका शाळेत, अकरावी दुसऱ्या कनिष्ठ महाविद्यालयात आणि मध्ये सरावासाठी शहर बदललेले, असा प्रवास असेल, तर चार वर्षांचे कागद तीन ठिकाणी विखुरलेले असतात. प्रत्येक वर्षाचा निकाल लागताच मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याची प्रत घेऊन ठेवावी. मराठी कागदपत्रासोबत ओळीला ओळ जुळणारे इंग्रजी भाषांतर जोडावे लागते आणि मूळ कागदही पाठवावा लागतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील आणि पासपोर्टवरील नाव वेगळे असेल, तर ती दुरुस्ती दहावीतच करून घ्यावी, कारण बारावीनंतर तिला वेळ उरत नाही.

पात्रता केंद्राच्या संकेतस्थळावर वेगवेगळ्या प्रकारची खाती असतात. पहिल्या किंवा दुसऱ्या विभागात बारावीनंतर थेट जाणाऱ्या खेळाडूला शैक्षणिक आणि हौशी दर्जा (म्हणजे तो व्यावसायिक खेळाडू नाही) अशा दोन्ही तपासण्या होणारे खाते लागते आणि ते दहावीच्या सुमारास उघडणे सोयीचे असते. मात्र खाते उघडले आणि शुल्क भरले म्हणजे तपासणी सुरू झाली असे होत नाही. एखाद्या विद्यापीठाने खेळाडूचे नाव आपल्या अधिकृत विनंती-यादीत घातल्यानंतरच केंद्र फाइल हाती घेते. म्हणून प्रशिक्षकाने तोंडी होकार दिल्यानंतर खेळाडूने पहिला प्रश्न हाच विचारावा की माझे नाव यादीत घातले का आणि कोणत्या तारखेला घातले. ऑगस्टमध्ये प्रवेश घेणाऱ्याने १ एप्रिलनंतर आपल्या खात्यातून हौशी दर्जाच्या अंतिम प्रमाणपत्राची विनंती स्वतः पाठवायची असते. ही पायरी साधी असूनही ती राहून गेल्याने अनेक फाइली अडून राहतात.

बारावीचा निकाल अलीकडच्या वर्षांत मे महिन्यात लागतो आणि तेथील संघांचा सराव ऑगस्टच्या सुरुवातीला सुरू होतो. या मधल्या काळात अंतिम गुणपत्रक केंद्राकडे पोहोचून तपासले जाणे, व्हिसाची मुलाखत आणि प्रवास हे सगळे व्हावे लागते. पात्रतेसाठी सॅट किंवा अ‍ॅक्ट या प्रवेश परीक्षांची अट जानेवारी २०२३ मध्ये काढून टाकण्यात आली. विद्यापीठाला मात्र प्रवेशासाठी त्या परीक्षेची गरज वाटू शकते आणि काही विद्यापीठांनी ती पुन्हा सुरू केली आहे, त्यामुळे ही चौकशी प्रत्येक विद्यापीठापुरती वेगळी करावी.

प्रवेशानंतरचे क्रेडिटचे गणित

विद्यापीठात पाऊल ठेवल्यावर पात्रता दर सेमिस्टरला नव्याने तपासली जाते, आणि खेळाडू सर्वाधिक येथेच चुकतात. तेथे प्रत्येक विषयाला त्याच्या अभ्यासाच्या भारानुसार ठरावीक क्रेडिट्स असतात आणि त्यांची बेरीज होऊन पदवी मिळते. प्रथम पहिल्या विभागातील किमान अटी पाहू. पूर्णवेळ विद्यार्थी राहण्यासाठी प्रत्येक सेमिस्टरमध्ये १२ क्रेडिट्सची नोंदणी हवी. पुढच्या सेमिस्टरमध्ये खेळण्यासाठी आधीच्या सेमिस्टरमध्ये किमान ६ क्रेडिट्स उत्तीर्ण व्हावी लागतात. दुसऱ्या वर्षात जाण्यापूर्वी एकूण २४ क्रेडिट्स हवीत, आणि प्रत्येक शैक्षणिक वर्षात उन्हाळी वर्ग सोडून किमान १८ क्रेडिट्स मिळवावी लागतात. जीपीएची पायरी विद्यापीठाच्या पदवीसाठी लागणाऱ्या किमान जीपीएशी जोडलेली असते: दुसऱ्या वर्षात जाताना त्याच्या ९० टक्के, तिसऱ्यात जाताना ९५ टक्के आणि चौथ्यात जाताना पूर्ण १०० टक्के. पदवीसाठी २.० लागत असेल, तर हे आकडे अनुक्रमे १.८, १.९ आणि २.० होतात.

यावर पदवीच्या प्रगतीची अट आहे, जी तेथे ४०-६०-८० या आकड्यांनी ओळखली जाते. तिसरे वर्ष सुरू होताना निवडलेल्या पदवीच्या ४० टक्के, चौथे सुरू होताना ६० टक्के आणि पाचवे सुरू होताना ८० टक्के अभ्यासक्रम पूर्ण झालेला असावा लागतो. पदवी १२० क्रेडिट्सची असेल, तर हे आकडे ४८, ७२ आणि ९६ होतात.

आता एखादा खेळाडू दर सेमिस्टरला नेमकी १२ क्रेडिट्स घेतो आणि सगळी उत्तीर्ण होतो असे धरा. पहिल्या वर्षाअखेर त्याची २४, दुसऱ्या वर्षाअखेर ४८, तिसऱ्या वर्षाअखेर ७२ आणि चौथ्या वर्षाअखेर ९६ क्रेडिट्स होतात. प्रत्येक टप्प्यावर तो अगदी काठावर पात्र ठरतो. एक विषय अनुत्तीर्ण झाला, हंगामात दुखापत होऊन एक विषय सोडावा लागला किंवा एखाद्या विषयाचे क्रेडिट त्याच्या पदवीत मोजले गेले नाही, तर तो त्या टप्प्यावर लगेच अपात्र होतो. आणि सगळे सुरळीत पार पडले तरी चार वर्षांनंतर पदवी हातात येत नाही, २४ क्रेडिट्स उरतात. शिष्यवृत्तीचा करार चार वर्षांचा असेल, तर पाचव्या वर्षाचे शुल्क कोण भरणार हा प्रश्न त्या वेळी घरासमोर उभा राहतो. म्हणूनच १२ क्रेडिट्स हे लक्ष्य मानू नये. हंगामाच्या सेमिस्टरमध्ये १३ किंवा १४, हंगामाबाहेर १५ ते १६ आणि उन्हाळ्यात गरजेप्रमाणे एखादा विषय अशी आखणी केली, तर चार वर्षांत १२० पूर्ण होतात आणि मध्ये एखादे वाईट सेमिस्टर आले तरी पात्रता ढळत नाही. उन्हाळ्यात मायदेशी येऊन स्पर्धा खेळायच्या असतील, तर हा हिशेब जानेवारीतच मांडावा.

‘मोजले जाणारे क्रेडिट’ आणि ‘मिळालेले क्रेडिट’ यांत फरक आहे. एकच विषय पुन्हा घेतला तर क्रेडिट एकदाच धरले जाते. काही विभागांत मुख्य विषयांना किमान सी श्रेणी लागते, अशा वेळी डी मिळाल्यास विद्यापीठाच्या नोंदीत क्रेडिट दिसते, पण पदवीच्या टक्केवारीत ते येत नाही. त्यामुळे खेळाडूने दर सेमिस्टरच्या शेवटी आपल्या पदवी-तपासणी अहवालाची प्रत काढून त्यात दोन आकडे स्वतः लिहावेत, एकूण मिळालेली क्रेडिट्स आणि निवडलेल्या पदवीला लागू पडणारी क्रेडिट्स. दोहोंतील अंतर वाढत असेल, तर सल्लागाराची भेट त्याच आठवड्यात घ्यावी.

मुख्य विषयाची निवड

तिसरे वर्ष सुरू होण्यापूर्वी मुख्य विषय, म्हणजे मेजर, जाहीर करावा लागतो आणि त्यानंतर सर्व टक्केवारी त्याच पदवीवर मोजली जाते. संगणकशास्त्रात ५४ क्रेडिट्स मिळवलेल्या विद्यार्थ्याने दुसऱ्या वर्षानंतर अर्थशास्त्राकडे वळायचे ठरवले आणि त्यांपैकी फक्त ४० क्रेडिट्स नव्या पदवीत बसली, तर ४८ च्या अटीसमोर तो अपात्र ठरतो. अमेरिकेतील इतर विद्यार्थी मनमोकळेपणाने मेजर बदलतात, खेळाडूला मात्र तो अधिकार वापरण्यापूर्वी हिशेब करावा लागतो. याच कारणामुळे काही संघांतील खेळाडू एकाच सोप्या समजल्या जाणाऱ्या विषयात एकत्र आलेले दिसतात. सरावाच्या वेळांशी जुळतो म्हणून सुचवलेला विषय चार वर्षे शिकणे हे मला मुलांवर होणारे नुकसान वाटते. पहिल्याच वर्षी ज्या दोन विषयांत रस आहे त्या दोन्हींना चालणारे पायाभूत अभ्यासक्रम निवडावेत, म्हणजे निर्णय बदलला तरी क्रेडिट्स वाया जात नाहीत. प्रयोगशाळेचे विषय दुपारच्या सरावाशी भिडत असतील, तर प्रशिक्षकाशी हे बोलणे शिष्यवृत्तीच्या करारावर सही करण्यापूर्वी व्हावे.

आठवडा, प्रवास आणि प्राध्यापक

पहिल्या विभागात हंगामात खेळाशी संबंधित सक्तीची कामे दिवसाला ४ आणि आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त नसावीत आणि आठवड्यात एक दिवस पूर्ण सुटी असावी, असा नियम आहे. पण सामन्याचा पूर्ण दिवस ३ तास धरला जातो, आणि प्रवास, फिजिओकडील उपचार व स्वेच्छेने केलेला सराव यांत धरला जात नाही. म्हणून २० तासांच्या भरवशावर अभ्यासाचे वेळापत्रक करू नये. सरावासाठी वर्ग बुडवण्याची परवानगी नसते, बाहेरगावच्या सामन्याच्या प्रवासासाठी मात्र ती मिळते.

सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक विषयाच्या अभ्यासक्रमपत्रिकेतील परीक्षा, प्रयोग आणि निबंध यांच्या तारखा सामन्यांच्या वेळापत्रकाशेजारी लिहून काढाव्यात. जेथे टक्कर दिसते तेथे प्राध्यापकांना भेटून, क्रीडा विभागाचे प्रवासपत्र देऊन, परीक्षा आधी देता येईल का असे विचारावे. परीक्षेच्या आदल्या रात्री विमानतळावरून पाठवलेल्या ईमेलला बहुतेक प्राध्यापक नकार देतात आणि तो त्यांचा हक्क असतो. वाद निर्माण झालाच, तर प्रत्येक विद्यापीठात क्रीडा विभागाशी समन्वय ठेवण्यासाठी नेमलेले एक प्राध्यापक असतात, त्यांच्याकडे जावे.

व्हिसाची दुसरी कसोटी

भारतातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या खेळाडूसाठी १२ क्रेडिट्सचा प्रश्न खेळापुरता राहत नाही. विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय विद्यार्थी अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी न घेता विषय सोडून तो १२ च्या खाली गेला, तर अमेरिकेत राहण्याचा दर्जाच धोक्यात येतो. प्रत्येक सेमिस्टरमध्ये पूर्णवेळ अभ्यासासाठी ऑनलाइन विषयाचे जास्तीत जास्त ३ क्रेडिट्स धरले जातात, त्यामुळे प्रवासाच्या हंगामात सगळे ऑनलाइन घेऊ हा संघमित्रांचा सल्ला भारतीय खेळाडूला लागू पडत नाही. जाहिरात किंवा प्रायोजकाचा मोबदला स्वीकारतानाही भारतीय खेळाडूसाठी नियम वेगळे आहेत. अमेरिकी सहकाऱ्याला जो करार सहज करता येतो, तो एफ-१ धारकाच्या बाबतीत परवानगीविना केलेली नोकरी ठरू शकतो. सही करण्यापूर्वी त्याच अधिकाऱ्याला आणि इमिग्रेशन वकिलाला विचारावे.

मदत कोठे थांबते

खेळाडूंसाठी शिकवणी, अभ्यासिका आणि सल्लागार यांची सोय तेथे उत्तम असते आणि तिचा पूर्ण उपयोग करावा. शिकवणाऱ्याने गणिताची रीत समजावून सांगणे ही मदत आहे, त्याने निबंधातील परिच्छेद लिहून देणे हा गैरप्रकार आहे, मग तो परिच्छेद माणसाने लिहिलेला असो वा संगणकाने. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपेल हिल येथील प्रकरणात ऑक्टोबर २०१४ च्या चौकशी अहवालातून समोर आले की १८ वर्षांत ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी, ज्यांत जवळपास निम्मे खेळाडू होते, वर्ग न भरणारे आणि नावापुरता एक निबंध मागणारे विषय घेतले होते. हे विषय सर्व विद्यार्थ्यांना खुले असल्याने २०१७ मध्ये एनसीएएने विद्यापीठाला शिक्षा केली नाही. त्या खेळाडूंची पात्रता टिकली, परंतु ज्या विषयाची श्रेणी त्यांच्या नोंदीत होती तो विषय त्यांना कोणी शिकवलाच नव्हता. असा विषय कोणी सुचवला, तर तो नाकारण्याचे धैर्य अठरा वर्षांच्या मुलाकडे असावे म्हणून घरी आधीच स्पष्ट बोलणे झालेले बरे.

संघालाही प्रत्येक खेळाडूच्या अभ्यासाचा फटका बसतो. शिष्यवृत्तीवरील प्रत्येक खेळाडूमागे संघाला दर सेमिस्टरला पात्र राहिल्याचा एक आणि विद्यापीठात टिकल्याचा एक असे गुण मिळतात. त्यांवरून १००० पैकी काढलेली संघाची सरासरी ९३० च्या खाली गेली, तर हंगामाच्या शेवटी होणाऱ्या विजेतेपदाच्या स्पर्धांना मुकावे लागते.

विद्यापीठ बदलताना

एप्रिल २०२४ पासून पहिल्या विभागातील खेळाडू शैक्षणिकदृष्ट्या पात्र असेल, तर विद्यापीठ बदलल्यावर त्याला एक वर्ष थांबावे लागत नाही. त्यामुळे बदली सोपी झाली, असे वाटते. परंतु नवे विद्यापीठ जुन्यातली किती क्रेडिट्स आपल्या पदवीत धरणार, हे तेच ठरवते आणि ४०-६०-८० ची टक्केवारी त्या संख्येवर काढली जाते. नव्या प्रशिक्षकाचे बोलणे कितीही आश्वासक असले, तरी बदलीच्या यादीत नाव घालण्यापूर्वी क्रेडिट्सचे लेखी मूल्यमापन मागावे. नाव घातल्यावर जुनी शिष्यवृत्ती कायम राहीलच असे नाही.

शेवटचे वर्ष

अंतिम सेमिस्टरमध्ये पदवीसाठी १२ पेक्षा कमी क्रेडिट्स उरली असतील, तर एनसीएए आणि व्हिसा या दोन्हींच्या नियमांत सवलत आहे, पण दोन्हींची परवानगी वेगवेगळ्या कार्यालयांतून आधी घ्यावी लागते. खेळण्याचे हंगाम संपले आणि काही विषय उरले, तर पदवी पूर्ण करण्यासाठी अनेक विद्यापीठे आर्थिक साहाय्य देतात. त्याची चौकशी शेवटच्या सामन्यानंतर नव्हे, तर त्या वर्षाच्या सुरुवातीला करावी. पदवीनंतर अमेरिकेत नोकरीचा अनुभव घ्यायचा असेल, तर १२ महिन्यांच्या परवानगीसाठीचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो आणि तो संपल्यानंतर ६० दिवसांच्या आत करावा लागतो. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या गटातील मान्यताप्राप्त पदवी असल्यास ही परवानगी आणखी २४ महिने वाढवता येते. हंगाम मे महिन्यापर्यंत चालणाऱ्या टेनिस आणि अ‍ॅथलेटिक्सच्या खेळाडूंनी हा अर्ज मार्चमध्येच भरून टाकावा.